पेपर क्रमांक सहा

जालन्याच्या कॉलेजात तत्त्वज्ञान घेतलेले आम्ही पाच,
त्यातले दोघे हजेरीपुरते.
सहाव्या पेपरचं नाव : ख्रिस्ती विचार.
कुंभेफळकर सर पहिल्याच तासाला म्हणाले,
इथे श्रद्धा दाराबाहेर चपलांपाशी ठेवायची,
जाताना घालून जायची.
सगळे हसले. मीही.
माझ्या पायात त्या दिवशी आईच्या चपला होत्या,
हॉस्पिटलात फरशी पुसताना ती घालते त्या, निळ्या.
बाहेर ठेवल्या असत्या तर कुणीही ओळखल्या असत्या.

मला वाटलेलं, हा पेपर तर घरचाच.
बाप बावीस वर्षं चर्चची घंटा ओढतो,
आठवडाभर बियाणांच्या कंपनीत पोती शिवतो.
अनुग्रह हा शब्द मी बाराखडीच्या आधी ऐकलेला.
पण पुस्तकात तो उभा होता
तीन प्रकारांत विभागलेला,
तळटीपांचा लवाजमा घेऊन,
लग्नात श्रीमंत मामानं ओळख देऊ नये तसा.

तहसीन शेजारी बसायची. कादराबादची.
देहधारण, त्रैक्य, मूळ पाप,
सगळं सुवाच्य अक्षरात उतरवून घ्यायची,
आणि शेवटच्या पानावर वेगळा रकाना :
आमच्यात हे नाही. आमच्यात हे असं.
एकदा म्हणाली, तुझा रकाना कोणता गं?
मी पेन झटकला.
शाई संपलेली नव्हती.

पूर्वपरीक्षेत तोच प्रश्न आला, पंधरा मार्कांचा :
अनुग्रहाची संकल्पना स्पष्ट करा.
मी लिहिलं,
आमच्या गल्लीत नवव्या दिवशी टँकर येतो, कधी अकराव्या.
कुणाच्या पुण्याईनं येत नाही.
तरी हंडा रांगेत लावावा लागतो
आणि कुणीतरी जागं राहावं लागतं.
रात्री दोनला नळी सुटते तेव्हा
चिरलेल्या हंड्यातही तेवढंच पाणी पडतं.
उरतं किती, तो पुढचा प्रश्न.

लाल शाईत शेरा : उदाहरण बरे. आधार कुठे?
पंधरापैकी पाच.

बापानं उत्तरपत्रिका उलटीपालटी केली,
दोराचे घट्टे कागदाला खरखरत होते.
"आपलाच पेपर, न् एक्केचाळीस कामून?
त्या शेखांच्या पोरीला किती?"
अडुसष्ट, म्हटलं.
बराच वेळ गप्प राहिला.
मग म्हणाला, "तिलाच विचार, आपलं काय चुकायलंय."
आणि हसला,
दाभण दातात धरून माणूस हसतो तसा.

तेव्हापासून लायब्ररीत बसू लागले, आधार शोधत.
एका जाड ग्रंथात, पिवळ्या पानावर,
लेखक म्हणत होता की प्रभूच्या मेजाशी
कुणी वर नाही, कुणी खाली नाही.
आणि समासात पेन्सिलीनं, बारीक, कुणीतरी :
मग आमचा प्याला वेगळा का?

सही नाही. तारीख नाही.
मागच्या कार्डावर शेवटचा शिक्का माझ्या जन्माच्या आधीचा.

सरांना नेऊन दाखवलं.
पुस्तकात लिहिणं गुन्हा आहे, म्हणाले,
चष्मा काढून टेबलावर ठेवला
आणि पान उघडंच सोडून
खिडकीतून कारखान्यांचा धूर बघत राहिले.
तहसीननं वही मिटली.
त्या तासाला कुणीच काही उतरवून घेतलं नाही.
निघताना सरांनी विचारलं,
तुमच्याकडे टँकर अजून नवव्या दिवशीच येतो का?
आता बाराव्या, सर.

त्या ओळीखाली मी काही लिहिलेलं नाही.
दोनदा पेन्सिल टेकवली, उचलली.
फक्त पुस्तक स्वतःच्या नावावर काढून घेतलं.
सलोमी दौलत साबळे, रोल नंबर तीन,
नव्या कार्डावर पहिली ओळ.
परतीची तारीख कधीच उलटली.
दंड रोजचा एक रुपया.
बापाला सांगितलंय.
तो म्हणतो, भरू.